कामाला नाव देणे: प्रोग्रामची लांबी, वाचनीयता आणि आपली भाषा



साहित्य मंडळाच्या वार्षिक व्याख्यानमालेत संगणकाच्या प्रोग्रामवर बोलायचे, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून काही जणांना नवल वाटले असेल. या व्यासपीठावर संतवाङ्मय, नाटक, कविता, गोमंतकाचा इतिहास यांवर बोलणे झाले आहे. संगणकाचा माणूस इथे काय सांगणार? माझे म्हणणे साधे आहे. प्रोग्राम हेही एक लेखन आहे. तो यंत्रासाठी लिहिला जातो असे आपण समजतो, पण यंत्र तो चालवते, वाचतो माणूसच. आज लिहिलेला प्रोग्राम पाच वर्षांनी दुसरा कोणी तरी उघडतो, त्यात काय चालले आहे ते समजून घेतो आणि त्यात बदल करतो. लिहिणारा तोवर दुसरीकडे गेलेला असतो. म्हणून लेखनाचे जे प्रश्न आपण इथे चर्चेला घेतो, म्हणजे परिच्छेद कुठे पाडावा, मथळा काय द्यावा, शब्द कोणता निवडावा, ते सगळे प्रश्न प्रोग्राम लिहिणाऱ्यापुढेही असतात.

त्यांतल्या एकाच प्रश्नावर मी आज बोलणार आहे. लांबलचक प्रोग्राम फोडून त्याचे लहान तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याला नीट नाव द्यावे, असे आमच्या व्यवसायात सांगितले जाते. हे का सांगितले जाते, ते कसे करायचे, त्यात कुठे फसगत होते आणि लाटंबार्सेसारख्या गावातल्या साहित्य मंडळाचा त्याच्याशी काय संबंध, एवढा माझा विषय आहे.

एक घरपट्टी, एक लांब प्रोग्राम

उदाहरण आपल्या ओळखीचे घेऊ. समजा, एखाद्या पंचायतीसाठी घरपट्टीची पावती काढणारा प्रोग्राम लिहायचा आहे. लिहिणारा बसतो आणि सुचेल तसा वरून खाली लिहीत जातो. आधी घर क्रमांक विचारायचा. नोंदवहीतून मालकाचे नाव आणि बांधकामाचे क्षेत्रफळ काढायचे. क्षेत्रफळ आणि दर यांचा गुणाकार करायचा. सूट असेल तर वजा करायची. मागची थकबाकी पाहायची, त्यावर दंड लावायचा, बेरीज करायची, रक्कम अक्षरांत लिहायची, पावती छापायची. सगळे मिळून तीनशे ओळी होतात. आमच्या भाषेत अशा एका सलग कामाला मेथड किंवा फंक्शन म्हणतात. ही मेथड तीनशे ओळींची झाली. ती चालते. हिशेब बरोबर येतो. 80 चौरस मीटर घर, दर 10 रुपये धरला तर पट्टी 800 रुपये. मागची थकबाकी 300, त्यावर दहा टक्के दंड 30. एकूण 1,130 रुपये. पावती बाहेर येते आणि सगळे खूश होतात.

अडचण दोन वर्षांनी येते. दंडाचा नियम बदलतो. आता तो बदल कोणी तरी नव्या माणसाने करायचा आहे. तीनशे ओळींत दंड कुठे आहे? तो शोधताना त्याला क्षेत्रफळ, सूट, छपाईचा समास हे सगळे वाचावे लागते. एक दंड 142व्या ओळीत सापडतो. तो बदलतो. पण छपाईच्या वेळी पावतीवर दंड वेगळा दाखवायचा म्हणून तोच हिशेब 260व्या ओळीत पुन्हा केलेला असतो, तो त्याच्या नजरेतून सुटतो. आता पावतीवरचा दंड वेगळा आणि बेरजेतला दंड वेगळा. खिडकीपाशी उभा असलेला ग्रामस्थ विचारतो, "हे कसे?" आणि कारकुनाकडे उत्तर नसते. तो म्हणतो, "कॉम्प्युटरात तसेच येते." हे वाक्य आपण सर्वांनी कुठल्या ना कुठल्या खिडकीवर ऐकले आहे. त्यामागे बहुधा असा एखादा प्रोग्राम असतो, जो कोणालाच वाचता येत नाही.

आता हाच प्रोग्राम फोडून लिहू. सर्वांत वरची मेथड एवढीच राहते:

घराची_नोंद_आण
चालू_वर्षाची_पट्टी_काढ
सूट_वजा_कर
थकबाकी_मिळव
उशिराचा_दंड_लाव
पावती_छाप

सहा ओळी. प्रत्येक ओळ म्हणजे एका लहान मेथडचे नाव. तिचे आतले काम खाली वेगळे लिहिलेले आहे. दंडाचा नियम बदलला, तर 'उशिराचा_दंड_लाव' उघडायचे, बाकी काही पाहायचे नाही. पावतीलाही दंड हवा असेल, तर तिने तो पुन्हा काढायचा नाही. याच मेथडकडून आलेला आकडा घ्यायचा. दंड एकाच जागी राहतो, म्हणून तो दोन प्रकारचा होऊ शकत नाही.

ज्याने आयुष्यात संगणक हाताळला नाही, पण पंचायतीत चार वर्षे पंच म्हणून काम केले आहे, तो माणूस या सहा ओळी वाचून सांगू शकतो की क्रम बरोबर आहे की नाही. "सूट थकबाकीवर पण मिळते काय?" असा प्रश्न तो विचारू शकतो. तीनशे ओळींपुढे त्याला गप्प बसावे लागले असते. हा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. प्रोग्राम वाचनीय झाला की तो जाणकाराला तपासता येतो, आणि इथे घरपट्टीचा जाणकार पंच आहे, प्रोग्रामर नव्हे.

जुनी गोष्ट, नवे नाव

काम फोडून नाव देण्याची युक्ती संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठात 1949 साली एडसॅक नावाचा संगणक चालू झाला. तिथे डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा लागणारी कामे वेगळी लिहून ठेवली. वर्गमूळ काढणे, आकडे छापणे अशा कामांच्या छिद्रे पाडलेल्या कागदी पट्ट्या एका कपाटात ओळीने ठेवलेल्या असत. ज्याला जे काम हवे त्याने ती पट्टी घ्यावी आणि आपल्या प्रोग्रामला जोडावी. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी 1951 साली यावर पुस्तकही लिहिले.

पुढे 1960च्या सुमारास कोबोल ही भाषा आली. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांचे हिशेब तिच्यात लिहिले गेले. साहित्याच्या माणसांना एक गोष्ट सांगितली पाहिजे: कोबोलमध्ये प्रोग्रामच्या भागांची नावेच सेक्शन, पॅराग्राफ आणि सेंटेन्स अशी आहेत. प्रत्येक पॅराग्राफला नाव द्यावे लागते आणि त्या नावाने तो बोलावता येतो. प्रोग्राम हे गद्य आहे हे त्या भाषेच्या रचनेतच मान्य केले होते. तरीही लोकांनी त्या भाषेत पानेच्या पाने लांब प्रोग्राम लिहिले. 1999 साली, वर्ष दोन आकड्यांत लिहिलेले सगळे प्रोग्राम 2000 उजाडताना बिघडतील अशी भीती जगभर होती, तेव्हा भारतातल्या हजारो प्रोग्रामरांना जे काम मिळाले ते मुख्यतः वाचनाचे होते. परक्याने वीस-तीस वर्षांपूर्वी लिहिलेला मजकूर वाचायचा आणि तारीख कुठे कुठे दडली आहे ते शोधायचे. जिथे तारखेचा हिशेब एका नावाखाली एकत्र होता तिथे काम सोपे होते. जिथे तो सगळीकडे विखुरला होता तिथे ओळ न् ओळ चाळावी लागली.

चालू असलेल्या प्रोग्रामचे बाहेरचे वागणे न बदलता आतली मांडणी सुधारण्याला 'रिफॅक्टरिंग' हे नाव रूढ झाले. मार्टिन फाउलर यांचे त्या नावाचे पुस्तक 1999 साली आले. त्यात अशा सुधारणांची नावानिशी यादी आहे आणि लांब मेथडमधून तुकडा वेगळा काढणे ही त्यांतली एक मुख्य. फाउलर तिथे एक फार उपयोगी खूण सांगतात. लांब मेथड लिहिताना माणूस मध्येच थांबून टीप लिहितो: 'आता दंड काढू'. अशी टीप लिहावीशी वाटली, तर समजावे की तिथे एक वेगळे काम दडले आहे. ते बाहेर काढा आणि टिपेतले शब्दच त्याला नाव म्हणून द्या.

हे करताना शिस्त एक: एका वेळी एकच तुकडा काढायचा आणि प्रत्येक वेळी तपासायचे. घरपट्टीच्या बाबतीत गेल्या वर्षीच्या दहा घरांच्या पावत्या बाजूला ठेवाव्यात. त्यांत सूट असलेले घर हवे, थकबाकीचे हवे, काहीच बाकी नसलेलेही हवे. तुकडा वेगळा केला की त्या दहाही पावत्या पुन्हा काढून जुन्यांशी ताडाव्यात. एक रुपयाचाही फरक पडला तर पाऊल मागे घ्यावे. मांडणी सुधारण्याच्या नावाखाली हिशेबच बदलला, तर ते रिफॅक्टरिंग नव्हे.

आपल्याकडचे दाखले

आता आपल्या घराकडे वळू. स्वयंपाकाची भाषा पाहा. अळसांद्याचे तोणाक कसे करायचे ते सांगताना घरची बाई म्हणते, "अळसांदे शिजवून घे, वाटण लाव, उकळी आण." वाटण या एका शब्दात किती कामे आहेत! खोबरे किसायचे, धणे-मिरच्या भाजायच्या, सगळे एकत्र बारीक वाटायचे. पण ती ते प्रत्येक वेळी सांगत नाही. 'वाटण' म्हटले की ऐकणाऱ्याला कळते. ज्याला ठाऊक नाही तो विचारतो, "वाटणात काय काय घालायचे?" आणि तेवढाच भाग वेगळा समजून घेतो. 'फोडणी' हाही तसाच शब्द. आमच्या शास्त्रात चांगल्या नावाची जी लक्षणे सांगतात, ती सगळी या दोन शब्दांत आहेत. काम काय ते नाव सांगते, कसे ते आत ठेवते, आणि तोच तुकडा दहा पदार्थांत वापरता येतो.

दशावतार घ्या. पेडणे-डिचोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत आपण तो पाहत आलो. सुरुवातीला आडदशावतार होतो: गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, सरस्वती येते, संकासुर येतो. मग आख्यान लागते. आख्यान रोज वेगळे, आडदशावतार ठरलेला. संहिता लिहिलेली नसताना रात्रभराचा खेळ नटमंडळींना उभा करता येतो, याचे एक कारण हे की खेळाच्या भागांना नावे आहेत आणि कोणत्या भागात काय व्हायचे ते सर्वांना ठाऊक आहे. भजनातही तसेच. 'रूपाचा अभंग घ्या' म्हटले की कोणता अभंग ते बुवा ठरवतात, पण तो भजनात कुठे बसतो आणि कशासाठी आहे ते पखवाजवाल्यालाही कळते.

लेखनातला दाखला महानुभावांचा. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या शेवटी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. एका आयुष्याची एवढी मोठी कथा त्यांनी सलग न लिहिता लीळांमध्ये लिहिली. एक प्रसंग, एक लीळा. पुढे केसोबासांनी याच सामग्रीतून दोन ग्रंथ मांडले. स्वामींची वचने वेगळी काढून 'विचार', 'आचार' अशा प्रकरणांत लावली, तो सूत्रपाठ. स्वामींनी सांगितलेले दृष्टांत वेगळे काढले, तो दृष्टांतपाठ. दृष्टांतपाठाची रचना पाहण्यासारखी आहे. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे त्या गोष्टीतून काय घ्यायचे ते. 114 दृष्टांतांना हीच तीन भागांची चौकट आहे. केसोबासांनी स्वामींचे बोल बदलले नाहीत. ज्याला जे हवे ते सापडावे, लक्षात राहावे आणि दुसऱ्याला सांगता यावे, म्हणून त्यांची मांडणी बदलली. मूळ अर्थाला धक्का न लावता मांडणी सुधारण्याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठीत तरी मला दुसरे दिसत नाही.

याच्या उलट बाजूला मोडीचा कागद ठेवा. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे लटकवत जायची. दोन शब्दांत अंतर नाही, वाक्य कुठे संपले याची खूण नाही. लिहिणाऱ्याचा वेग वाढला, पण वाचणाऱ्याला आधी शब्द तोडावे लागतात आणि मग अर्थ लावावा लागतो. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी मराठीत विरामचिन्हे रुजवली, तेव्हा मराठी वाक्यांत नवा अर्थ आला नाही, पण असलेला अर्थ वाचकाला लवकर दिसू लागला. तीनशे ओळींची मेथड मला मोडीच्या कागदासारखी वाटते. लिहिणाऱ्याची ती सोय असते आणि तिची किंमत प्रत्येक वाचणारा भरत राहतो.

कुठे फोडावे, कुठे थांबावे

इथे एक सावधगिरी. मेथड किती ओळींची असावी याचे आकडे आमच्याकडे सांगितले जातात. कोणी म्हणतो वीस, कोणी म्हणतो पाच. आकड्यामागे लागण्यात अर्थ नाही. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 साली दाखवले की माणसाच्या तात्पुरत्या स्मरणात एका वेळी सातच्या आसपास गोष्टी राहतात. म्हणून वाचकाच्या हाती एका वेळी पाचसात गोष्टीच द्याव्यात, हे तत्त्व ठीक. पण ओळी मोजून फोडणे म्हणजे पानाच्या शेवटी जागा संपली म्हणून परिच्छेद संपवण्यासारखे आहे. काम जिथे बदलते तिथे फोडायचे.

आणि फार बारीक फोडले तर? जॉन ऑस्टरहाउट यांनी 2018 च्या आपल्या पुस्तकात याच अतिरेकावर टीका केली आहे. दोन-दोन ओळींच्या शंभर मेथड केल्या की वाचक एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत उड्या मारत राहतो आणि प्रत्यक्ष काम कुठे होते ते त्याला सापडत नाही. आपल्याला हा अनुभव नवा नाही. एका दाखल्यासाठी या टेबलावरून त्या टेबलावर, तिथून तलाठ्याकडे, तिथून मामलेदार कचेरीत. प्रत्येक टेबलावर एक सही, आणि निर्णय नेमका कोणी घेतला ते शेवटपर्यंत कळत नाही. टेबले वाढली, काम फोडले गेले, पण समजायला सोपे झाले नाही.

मग कसोटी कोणती? माझी कसोटी नावाची आहे. तुकडा काढण्याआधी त्याला नाव द्यायचा प्रयत्न करावा. सोपे, नेमके नाव चटकन सुचले तर तो तुकडा खरोखर वेगळा आहे. नावात 'आणि' घालावे लागले, 'दंड_लाव_आणि_पत्ता_तपास', तर तिथे दोन कामे आहेत. नावच सुचत नसेल, 'भाग_दोन' किंवा 'इतर_कामे' असेच काही तरी लिहावे लागत असेल, तर चुकीच्या जागी तोडले आहे, किंवा ते काम आपल्यालाच अजून समजलेले नाही. आणि नाव जेवढे सांगते त्याहून आतली एक ओळ जास्त काही सांगत नसेल, तर तो तुकडा वेगळा काढण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट: नाव खरे असले पाहिजे. 'एकूण_रक्कम_सांग' असे नाव असलेली मेथड रक्कम सांगता सांगता गुपचूप थकबाकी शून्य करत असेल, तर ते नाव खोटे बोलते. नुसती चौकशी करायला आलेल्या माणसाची बाकी पुसली जाईल आणि ती का पुसली गेली हे वरवर वाचून कोणालाच कळणार नाही. वाईट नावापेक्षा खोटे नाव घातक. वाईट नाव वाचले की माणूस आत डोकावतो. खोट्या नावावर तो विश्वास ठेवून पुढे जातो.

नावे कुठून आणायची

आता मी ज्या मुद्द्यासाठी आलो त्याकडे येतो. एके काळी संगणकाची स्मरणशक्ती तोकडी होती, म्हणून नावेही तोकडी असत. फोर्ट्रान या भाषेत बराच काळ सहा अक्षरांपेक्षा मोठे नाव चालत नव्हते. आज तसे बंधन नाही. आता नाव तोकडे राहते ते लिहिणाऱ्याला शब्द सुचत नाही म्हणून.

घरपट्टीच्या उदाहरणातली नावे पुन्हा पाहा: पट्टी, सूट, थकबाकी, दंड, पावती. ही नावे मी शोधली नाहीत. लोकांनी पिढ्यान्पिढ्या व्यवहार करता करता ती घडवली आहेत. काम कुठे कुठे वेगळे होते ते या शब्दांनी आधीच ठरवून ठेवले आहे. एरिक इव्हान्स यांनी 2003 साली आपल्या पुस्तकात हाच आग्रह धरला: त्या क्षेत्रातले जाणकार जे शब्द वापरतात तेच शब्द प्रोग्राममध्ये आले पाहिजेत, दोघांची भाषा एक असली पाहिजे.

आपल्याकडे ती एक राहत नाही. प्रोग्राम लिहिणारा मुलगा व्यवहार मराठीत किंवा कोंकणीत समजून घेतो आणि नावे इंग्रजीत देतो. इंग्रजीवर हुकमत असलेल्याला ते जमते. पण ज्याची इंग्रजी पाठ्यपुस्तकापुरती आहे, तो काय लिहितो? 'बॅलन्स'. आता बॅलन्स म्हणजे काय? बँकेच्या पुस्तकातला बॅलन्स म्हणजे आपली शिल्लक. दुकानदार 'बॅलन्स किती?' विचारतो तेव्हा त्याचा अर्थ आपण देणे असलेली बाकी. मराठीत 'शिल्लक' आणि 'थकबाकी' यांत कोणाचाही गोंधळ होत नाही. 'येणे' आणि 'देणे' यांत तर होऊच शकत नाही. त्या मुलाला फरक ठाऊक असतो, पण परक्या भाषेत नाव देताना तो त्याच्या हातून निसटतो, आणि अधिकच्या जागी उणे पडते. किंवा मग तो नावच टाळतो आणि 'टेम्प', 'डेटा-वन', 'एबीसी' असे लिहितो. अशा प्रोग्राममध्ये हुशारी असते, पण वाचणाऱ्याला ती दिसत नाही.

यावर यंत्राचा आक्षेप नाही, हे मुद्दाम सांगतो. जावा या भाषेने सुरुवातीपासून देवनागरी नावे स्वीकारली आहेत. पायथनमध्ये 2008 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून 'थकबाकी' हे नाव देवनागरीत लिहिले तर ते चालते. देवनागरी अंकांत लिहिलेली संख्याही पायथन वाचू शकते. अडसर आपल्या सवयीचा आहे.

तरी मी असे म्हणणार नाही की सर्वांनी सगळे प्रोग्राम मराठीत लिहावेत. बंगळूरला किंवा जर्मनीत बसलेल्या सहकाऱ्याबरोबर काम करायचे तर नावे त्यालाही कळली पाहिजेत. तो त्या प्रोग्रामचा वाचक आहे. नावाचा धर्म शुद्धतेचा नाही, वाचकाला कळण्याचा आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, दहा वर्गांत फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. पण लोकांच्या तोंडी जे बसले होते, ते सगळे काही गेले नाही. 'तारीख' राहिलीच. घरपट्टीला मी प्रोग्राममध्ये 'गृहकर' म्हणणार नाही, कारण खिडकीपाशी कोणी तो शब्द वापरत नाही. माझे सांगणे इतकेच: आधी आपल्या भाषेत काम समजून घ्या, आपल्या भाषेत त्याला नाव द्या. मग गरज असेल तर त्या नावाचे इंग्रजी करा. नेमक्या मराठी शब्दावरून केलेले इंग्रजी नाव नेमके येते. मराठीतच जे धूसर आहे ते इंग्रजीत नेल्याने स्पष्ट होत नाही.

मंडळाने काय करावे

हे आजच का सांगायचे? आपल्या राज्यात 'केअर्स' योजनेतून शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स आले आहे. सहावी-सातवीतली मुले स्क्रॅचमध्ये रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम करतात. त्या स्क्रॅचमध्ये स्वतःचा ठोकळा तयार करण्याची सोय आहे. पुन्हा पुन्हा लागणारे ठोकळे एकत्र करायचे, त्यांना आपण एक नाव द्यायचे, आणि मग ते नावच ठोकळा म्हणून वापरायचे. म्हणजे आज मी तासभर जे सांगितले ते बारा वर्षांच्या मुलीच्या हातात आहे. त्या ठोकळ्यावर ती काय लिहील? 'ब्लॉक वन' लिहील, की 'मांजर_उडी_मारते' असे लिहील? हे संगणकाच्या शिक्षकापेक्षा भाषेच्या शिक्षकावर जास्त अवलंबून आहे. उताऱ्याला मथळा द्या, सारांश लिहा, परिच्छेद पाडा: मराठीच्या तासाला दिल्या जाणाऱ्या या जुन्या अभ्यासांची किंमत या कामात फार मोठी आहे. ते गुणांपुरते उरकू नयेत, एवढी शिक्षकांना विनंती.

आणि मंडळाला एक सूचना. आपले गाव दोडामार्गला लागून, सीमेवरचे. घरात बोली एक, वर्तमानपत्र मराठी, कागदपत्रे इंग्रजी. अशा गावात कामाचे शब्द लवकर निसटतात. पंचायतीतले, देवस्थानच्या जमाखर्चातले, दूध संस्थेच्या मापातले, कुळागरातले शब्द जमा करा. नुसता शब्द नको. तो कोणत्या कामाचे नाव आहे, ते काम कुठे सुरू होते आणि कुठे संपते, तेही दोन ओळींत लिहा. शाळेतल्या मुलांना पाठवा; आजी-आजोबांना, जुन्या कारकुनांना, बागायतदारांना विचारू द्या. बोलीतला शब्द असेल तर बोलीतलाच घ्या. शंभर शब्द झाले तरी पुस्तिका होईल. भाषेच्या अभ्यासकाला ती उपयोगी पडेलच. पण उद्या याच गावातला कोणी पंचायतीचा किंवा संस्थेचा प्रोग्राम लिहायला बसेल, तेव्हा काम कुठे फोडायचे आणि त्याला काय म्हणायचे, हे त्याला त्या पुस्तिकेत सापडेल. मग त्याने लिहिलेला हिशेब गावातल्या माणसाला वाचून तपासता येईल, आणि खिडकीवर "कॉम्प्युटरात तसेच येते" एवढे ऐकून परत फिरावे लागणार नाही.